टरबुजांच्या रानातलं बंदर

माझी सगळी नोकरी इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिल शिकवण्यात गेली. त्या नोकरीतली लोकांना आठवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे आम्ही जळगाव जिल्ह्यात बांधलेलं बंदर. बांधलेलं म्हणजे कागदावर आणि थर्माकोलवर. तरी लग्नकार्यात कोणी जुना विद्यार्थी भेटला की भर पंगतीत विचारतो, "मॅडम, आपलं बंदर काय म्हणतं?" शेजारची पाहुणी घास हातात धरून माझ्याकडे बघते. मग मला जिलबी बाजूला सारून सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. दिवाळी अंकासाठी आठवणी लिहून द्या असा फोन आला तेव्हा मला त्यात हाच फायदा दिसला, की एकदा छापून आलं म्हणजे पुढच्या लग्नसराईत मी शांतपणे जेवेन.

ज्यांच्या घरात कोणी इंजिनिअर झालेलं नाही अशा भाग्यवान वाचकांसाठी थोडं सांगते. शेवटच्या वर्षी मुलांना चार-पाच जणांचा गट करून एक प्रोजेक्ट करावा लागतो. विषय घ्यायचा, जागेवर जाऊन मोजमापं करायची, आराखडा काढायचा, रिपोर्ट टाइप करून त्याला सोनेरी अक्षरांचं काळं कव्हर घालायचं आणि वर्षाच्या शेवटी बाहेरगावच्या परीक्षकासमोर तोंडी परीक्षा द्यायची. हे झालं पुस्तकातलं. प्रत्यक्षात मुलं मागच्या बॅचचा रिपोर्ट मिळवायची, गावाचं नाव बदलायची आणि टायपिस्टकडे द्यायची. एकदा गिरणाकाठच्या बंधाऱ्याचा रिपोर्ट माझ्याकडे तपासायला आला होता. त्यात चौथ्या प्रकरणापासून समुद्राच्या खाऱ्या हवेमुळे लोखंड गंजण्याची भीती व्यक्त केली होती. मी गटप्रमुखाला विचारलं, "अरे, गिरणेला खारी हवा कुठून आली?" तो गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, ते पान काढायचं राहून गेलं."

तेव्हा मला वाटलं होतं, खाऱ्या हवेशी आपला संबंध इथेच संपला.

नव्वद सालाच्या आगेमागेची गोष्ट. जळगावचं आमचं कॉलेज नवं होतं, इमारतीला अजून प्लॅस्टर नव्हतं. आमचे प्राचार्य मात्र तयार होते. उंच, गोरे, बोलताना डोळे मिटणारे. त्यांना आम्ही आपसात मोठे सर म्हणायचो. ते मुंबईच्या एका परिषदेला गेले आणि येताना एक परदेशी मासिक घेऊन आले. त्यात मधल्या दोन पानांवर मरीनाचा रंगीत फोटो होता. मरीना म्हणजे हौसेच्या होड्या उभ्या करायचं छोटं बंदर. आपल्याकडे जसा सायकलींचा स्टँड, तसा तिकडे होड्यांचा. पाण्यात लाकडी धक्के काढलेले असतात, त्यांना जेटी म्हणतात, आणि जेटीच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या होड्या बांधलेल्या असतात. मोठ्या सरांनी ते मासिक स्टाफरूममध्ये प्रत्येकाच्या नाकासमोर धरलं.

"आपल्याकडून असं काहीतरी झालं पाहिजे," ते डोळे मिटून म्हणाले. "आणि पर्यावरणपूरक. हल्ली पर्यावरणाशिवाय कोणी ढुंकून बघत नाही."

जागाही त्यांनी ठरवून टाकली होती. आदल्याच आठवड्यात संस्थेच्या अध्यक्षांबरोबर ते भुसावळच्या पलीकडे तापीवरच्या धरणावर सहलीला गेले होते. धरणामागे पाणी जिथपर्यंत पसरतं त्याला फुगवटा म्हणतात. डिसेंबरात तो फुगवटा क्षितिजापर्यंत निळा असतो, वर बदकांचे थवे. अध्यक्ष म्हणाले होते, "इथे होड्या पाहिजेत." झालं.

विषय वाटायची आमच्याकडे एक पद्धत होती. चिठ्ठ्या टाकायच्या, आणि जो गट हजर नसेल त्याच्या माथी उरलेला विषय. मरीनाची चिठ्ठी तीन गटांनी उचलली आणि तिन्ही गटांनी शिताफीने डब्यात परत टाकली. शेवटी उरली ती चौघांच्या वाट्याला आली, कारण ते चौघे त्या दिवशी धरणगावला वर्गमित्राच्या बहिणीच्या लग्नात वाढपी होते. त्या गटाची मार्गदर्शक म्हणून माझं नाव मोठ्या सरांनी स्वतःच लिहिलं.

चौघांतले दोघे सज्जन होते, म्हणजे मोजपट्टीचं टोक धरा म्हटलं की धरून उभे राहायचे आणि सोडा म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत. उरलेले दोघे म्हणजे हेमलता आणि भटू. हेमलता रावेरकडच्या केळीवाल्या घरातली, सिव्हिलच्या वर्गातली एकुलती एक मुलगी. बोलायची कमी, पण बोलली की समोरच्याला दोन दिवस पुरायचं. भटू साक्रीकडचा. घरी अहिराणी, कॉलेजात आमच्यासारखी मराठी, आणि घाबरला की पुन्हा अहिराणी. चिठ्ठी वाचून तो तडक अहिराणीवरच आला.

"मॅडम, आम्हना गावनी नदीमा गुडघाभर पानी नही शे. होडी कोठे उभी करानी?"

"तुझ्या गावात नाही करायची. धरणात करायची."

"पन मॅडम, आम्ही बठ्ठास्नी समुद्र बी देखेल नही."

मी समुद्र पाहिला होता, लग्नानंतर लगेच, एकदाच. त्या वेळी बंदराचं निरीक्षण करायचं काही सुचलं नव्हतं.

आता माझी परिस्थितीही सांगायला हवी. मी तेव्हा टेंपररी होते. दर उन्हाळ्यात कॉलेज मला घरी बसवायचं आणि जूनमध्ये नव्याने ऑर्डर द्यायचं. दोनदा तर ती मिळेपर्यंत जुलै उजाडला होता. यजमान दीपनगरला वीजकेंद्रात पाळीच्या ड्यूटीवर, आम्ही राहायला पिंप्राळ्यात, आणि सासरची मंडळी येता-जाता विचारणार, "यंदा आहे का नोकरी?" त्या वर्षी सिव्हिलची एक जागा कायम व्हायची होती. ती कोणाला द्यायची हे मोठ्या सरांच्या शिफारशीवर होतं. कॉलेजात शिकवणारी बाई मी एकटी, त्यामुळे हळदीकुंकवाच्या वेळी आणि पाहुण्यांना गुच्छ देताना माझी फार गरज भासायची. कायम करताना भासेल की नाही, याची मला खात्री नव्हती.

आम्ही पहिल्यांदा जागेवर गेलो तेव्हा पाणी काठोकाठ होतं. मुलांनी हौसेने मापं घेतली, सज्जन दोघे मांडीभर पाण्यात उभे राहिले, भटूने एका बदकाला माणूस समजून हात केला. मी खुशीत होते. हेमलता मात्र काठावर बसून चपलेतला खडा काढत होती.

"काय गं, तुला काय झालं?"

"काही नाही मॅडम. फेब्रुवारीत परत येऊ."

फेब्रुवारीत परत गेलो तर आमचं बंदर नव्हतं. म्हणजे जागा होती, पाणी निघून गेलं होतं. आम्ही जिथे जेटी आखली होती तिथे ओल्या गाळात लोक ओणवे होऊन टरबुजाचं बी टोचत होते. शेतकऱ्यांची पोर ती, हेमलताला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. धरणाचं पाणी उतरलं की खालची जमीन उघडी पडते आणि आजूबाजूचे शेतकरी ती कसतात. तिला गाळपेर म्हणतात. दिवाळीत जिथे मासे, तिथे अक्षयतृतीयेला टरबुजं. धरणाच्या काठाकाठाने हेच चालतं, फक्त डिसेंबरात सहलीला येणाऱ्यांना ते दिसत नाही.

"आधी का नाही सांगितलंस?" मी चिडून विचारलं.

"तेव्हा सांगितलं असतं तर विषय बदलून मिळाला असता का?"

नसता मिळाला. 

पण पुढचे दोन महिने त्या मुलीने जे काम केलं, त्याची आठवण आली की आजही माझा ऊर भरून येतो. परदेशी मासिकातल्या जेट्या पक्क्या खांबांवर उभ्या असतात. पाणी उतरलं की त्या हवेत लटकतील. हेमलताने जेटी बंद पिंपांवर तरंगती ठेवली. पाणी वर आलं की वर, खाली गेलं की खाली, आणि पाणी संपलं की अलगद जमिनीवर बसेल अशी. जेटी वाहून जाऊ नये म्हणून गाळात थोडे खांब लागतात. खांबांमधलं अंतर तिने पुस्तकातून घेतलंच नाही. ती बैलजोडी आणि तिच्यामागचं रुंद पात्याचं वखर मोजून आली. दोन खांबांमधून वखर निघालं पाहिजे आणि बांधाशी जोडी वळली पाहिजे, एवढाच तिचा हिशेब. इंजिनाच्या होड्यांना मनाई, नुसती वल्ही आणि शीड, कारण डिझेलचा तवंग गाळात मुरला की वेल जळणार. काठाला दगडी भिंत नाही, आहे ते गवत आणि लव्हाळा तसाच, कारण पक्षी त्यातच घरटी करतात. पाणी आहे तोवर होड्या, पाणी गेलं की टरबुजं, आणि दोघांनी एकमेकांच्या वाटेत यायचं नाही.

मी हरखून मोठ्या सरांकडे गेले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मग उघडले. ते डोळे उघडायचे तेव्हा आम्ही घाबरायचो.

"मॅडम, अध्यक्ष मॉडेल बघायला येणार आहेत. मी त्यांना निळं पाणी कबूल केलंय. गाळ, वखर, टरबूज असले शब्द मला रिपोर्टात दिसता कामा नयेत. हे इंजिनिअरिंग कॉलेज आहे का बाजारसमिती?"

"पण सर, पाणी खरंच राहत नाही."

"तुमच्या ऑर्डरचं जूनमध्ये बघायचंय ना?" त्यांनी फार मायेने विचारलं.

मी बाहेर आले. व्हरांड्यात चौघे उभे होते. दार लाकडी होतं आणि मोठ्या सरांचा आवाज मोठा, त्यामुळे मला वेगळं काही सांगावं लागलं नाही. भटू म्हणाला, "मॅडम, आते?" हेमलताच्या चेहऱ्यावरून मला कळलं की पोरीच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात शिजत होतं. ऑर्डर मला हवी होती, अगदी जिवापाड हवी होती. पण बिनपाण्याच्या जागी बंदर दाखवून मुलांना परीक्षकासमोर तोंडावर पाडायचं, हेही मला जमणार नव्हतं.

रिपोर्टात आम्ही टरबूज हा शब्द कुठेही लिहिला नाही. 'पाणीपातळीतील हंगामी चढउतार व उघड्या पडणाऱ्या तळाचा पूरक वापर' असं लिहिलं. मोठ्या सरांनी ते वाचलं, "भाषा छान आहे" म्हणाले आणि सही केली.

मॉडेलचं काम भटूकडे. त्याच्या घरी गणपतीची आरास करायचा पिढीजात नाद. त्याने मोठ्या फळीवर निळ्या प्लॅस्टिकच्या पारदर्शक पत्र्याचं पाणी केलं, त्यावर शिडाच्या होड्या, जेट्या, काठावर सुतळीचं गवत. अध्यक्ष आले, खूश झाले, प्रत्येक होडीला बोट लावून गेले. जे त्यांना कोणी सांगितलं नाही ते असं, की तो निळा पत्रा उचलता येत होता. खाली गाळाच्या रंगाची जमीन होती, वेल होते, मातीची बैलजोडी होती आणि टरबुजं होती. टरबुजं आधी वाटाण्यांची केली होती, त्यांवर भटूने एका केसाच्या ब्रशने पट्टे काढले होते. पण लॅबमधल्या उंदरांनी एका शनिवार-रविवारात सगळं पीक खाल्लं. मग मणी वापरले.

"परीक्षकांनी विचारलं तरच उचलायचं," मी बजावलं. "नाही विचारलं तर देवाची कृपा." माझ्या मनात देवाला नवस चालू होता की त्यांनी विचारू नये. दुसऱ्या मनात होता की विचारावं.

परीक्षक आले ते कोकणातले, सामंत सर. बारीक अंगाचे, कायम छत्री जवळ बाळगणारे, बंदराच्या कामावर उमेदीची वर्षं काढलेले. बाहेरच्या परीक्षकाला खाऊपिऊ घालून मऊ करायची आमच्याकडे रीत आहे. भरिताच्या वांग्यांचा हंगाम उलटून गेला होता, म्हणून शेवभाजीचं जेवण होतं. सामंत सरांनी पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी काढलं आणि ताक मागितलं. परीक्षक मऊ व्हायच्या ऐवजी चांगलेच तापून परीक्षेला बसले.

मोठे सर त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. खरं तर प्राचार्यांनी तिथे बसायचं नसतं, पण हे सांगणार कोण? सामंत सर मॉडेलभोवती एक फेरी मारून आले. छत्रीच्या टोकाने त्यांनी पाणी दाखवलं.

"मे महिन्यात इथे पाणी किती असतं?"

"भरपूर," मोठे सर म्हणाले.

"मी मुलांना विचारलं."

हेमलताने माझ्याकडे पाहिलं. भटूने माझ्याकडे पाहिलं. सज्जन दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मोठे सर तर कधीचे बघत होते. मला तेव्हा काय काय दिसलं म्हणून सांगू! जूनमधलं पोस्टमनशिवायचं रिकामं दार, सासूबाईंचा चेहरा, आणि चौघांनी गाळात रुतवलेले पाय. मी मानेनेच हो म्हटलं. भटूने दोन्ही हातांच्या नखांनी पत्रा उचलला, होड्यांसकट, आणि बाजूच्या बाकावर ठेवला.

सामंत सरांनी खिशातून दुसरा चष्मा काढून लावला.

"हे काय आहे?"

"टरबुजं, सर," हेमलता म्हणाली.

"ती मरीनात काय करतायत?"

"पिकतायत, सर."

 मोठे सर पांढरे पडले, मग लाल झाले, मग पुन्हा पांढरे. सामंत सर खाली वाकले. त्यांनी खांबांमधलं अंतर बोटाने मोजलं.

"हे अंतर कुठल्या पुस्तकातलं?"

"पुस्तकातलं नाही सर. मधून वखर निघालं पाहिजे."

"वखर म्हणजे?"

ते समजवायला भटू पुढे झाला आणि घाबरल्यामुळे अहिराणीतून समजवू लागला, हाताने बैल हाकत. सामंत सरांना बहुधा त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी मध्ये तोडलं नाही. ऐकून झाल्यावर छत्री उचलली आणि म्हणाले, "मला जागा बघायचीय. आत्ता."

कॉलेजची जीप निघाली. पुढे मोठे सर आणि सामंत सर, मागे मी आणि ही चौकडी, गुडघ्याला गुडघे लावून.  मोठ्या सरांची मान मला मागून दिसत होती आणि त्या मानेवरूनच माझी नोकरी गेल्याचं मला कळत होतं. भटू हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्हनं काय व्हई?" मी म्हटलं, "माझं बघू नंतर. तुमचे मार्क आधी."

धरणावर एप्रिलचं ऊन रणरणत होतं. जिथे मुलांनी मांडीभर पाण्यात मापं घेतली होती तिथे आता हिरवे वेल आणि वेलावेलाला टरबुजं. ज्वारीच्या धाटांच्या खोपीत एक म्हातारे नाना बसले होते. जीप बघताच ते उठले आणि काठी घेऊन आमच्यासमोर आडवे उभे राहिले.

"काहाले आले? मोजाले आले का?"

"नाही नाही, आम्ही कॉलेजचे," मोठे सर म्हणाले.

"मांगं बी अशीच जीपगाडी आल्ती. मोजलं अन् धरनात जमीन गेली. आता या गायातबी काय मोजता?"

गाय म्हणजे त्यांच्या बोलीत गाळ. आमच्या मॉडेलमध्ये बैल होते, वेल होते, पण नाना नव्हते. हेमलता पुढे गेली आणि त्यांच्याच बोलीत म्हणाली, "मोजाले नाही हो नाना. परीक्षा हाये आमची."

"परीक्षा? टरबुजाच्या रानात?"

"हो नं. हे सर नापास करतीन आमाले, तुमी आडवे आले तं."

नानांनी सामंत सरांना खालून वर न्याहाळलं. एवढ्याशा माणसात नापास करायची ताकद आहे यावर त्यांचा विश्वास बसला नसावा. पण त्यांनी काठी खाली टाकली, एक टरबूज हाताने थोपटून बघितलं, आपटून फोडलं आणि लालभडक फोड परीक्षकांपुढे धरली. "घ्या. मंग करा काय करायचं ते."

सामंत सर आमच्या तिसऱ्या नंबरच्या जेटीच्या जागी उभे राहून टरबूज खाऊ लागले. रस हनुवटीवरून ओघळत होता. शेवभाजीचा जाळ एकदाचा विझला असावा. त्यांनी वाफ्यांकडे पाहिलं, दूर गेलेल्या पाण्याच्या रेषेकडे पाहिलं, मग हेमलताचा नकाशा उघडून दोन्ही ताडून पाहिलं.

"मी आयुष्यभर बंदरं बघितली," ते म्हणाले. "गाळ आला की आम्ही तो उपसतो. वर्षानुवर्षं उपसतो. गाळ येणार म्हणून त्यात पीक धरून आराखडा केलेला मी पहिल्यांदा बघतोय." मग ते एकदम मोठ्या सरांकडे वळले. "ही कल्पना कोणाची?"

मोठ्या सरांच्या हातात टरबुजाची फोड तशीच होती. मला त्यांच्या तोंडावर उत्तर दिसत होतं. मॅडमनी माझ्या सूचना डावलून परस्पर केलं, हे वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. आणि आता कौतुक झालंय हे बघून ते तिथेच घोटाळत होतं. मी सांगायला तोंड उघडलं की कल्पना हेमलताची आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत तिचीच. तेवढ्यात तिने माझा पदर मागून असा ओढला की मी एक पाऊल मागे गेले.

"प्राचार्य सरांची," हेमलता म्हणाली. "सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, बाहेरचं बघून करू नका, आपल्या मातीतलं करा. आणि मॅडमना म्हणाले, तुम्ही यांच्याकडून हे करून घ्या."

भटूने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "हो सर! वखरनं बी सरस्नीच सांगं!"

सज्जन दोघांनी मान हलवली. सोडा म्हणेपर्यंत ती हलतच राहिली.

मोठे सर बराच वेळ टरबूज चावत होते. मग त्यांनी डोळे मिटले. "म्हणजे," ते म्हणाले, "मी फक्त दिशा दिली. मेहनत मॅडमची आणि मुलांची."

परतीच्या वाटेवर भुसावळ यायच्या आत कल्पना त्यांची झाली होती. नशिराबाद येईपर्यंत ती त्यांना लहानपणापासून सुचत होती. जळगावात शिरताना ते मागे वळून मलाच समजावून सांगू लागले, "बघा मॅडम, दोन खांबांमधून वखर निघालं पाहिजे." मी म्हटलं, "हो सर, लिहून घेते."

सामंत सरांनी गटाला भरघोस मार्क दिले. मला कायम करण्याच्या शिफारशीवर मोठ्या सरांनी सही केली. दुसरं करणार काय? ज्या प्रोजेक्टचे जनक ते स्वतः, तो करून घेणाऱ्या बाईला घरी बसवलं असतं तर अध्यक्षांना काय सांगितलं असतं? मॉडेल त्यांच्या केबिनमध्ये गेलं. पाहुणे आले की ते स्वतः निळा पत्रा उचलायचे, आणि पाहुणा दचकला की लहान मुलासारखे हसायचे. पुढे एका परिषदेत त्यांनी त्यावर भाषणही केलं, टाळ्याही मिळवल्या. बंदर अर्थातच कोणी बांधलं नाही. तिथे आजही उन्हाळ्यात टरबुजंच होत असतील.

निकालानंतर हेमलता पिंप्राळ्याला माझ्या घरी पेढे घेऊन आली. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी तिच्यावर चिडलेच. जे तिचं होतं ते तिने एका फटक्यात दुसऱ्याच्या नावावर करून टाकलं होतं, आणि तेही माझ्यासाठी, हे मला सहन होत नव्हतं. माझा आवाज चढला. "तुला कोणी सांगितलं होतं हा उपकार करायला? उद्या तुझ्या कामावर तुझं नाव कोण लावणार?"

ती शांतपणे बशीतला चहा फुंकत होती.

"तुमच्यासाठी नाही केलं, मॅडम. माझी धाकटी बहीण शैला यंदा बारावी झाली. तिला सिव्हिललाच यायचंय. आबा म्हणतात, शिकवायला बाईमाणूस असेल तिथेच पोरीला धाडीन. तुम्हाला काढलं असतं तर कॉलेजात कोण राहिलं असतं?"

आबा म्हणजे तिचे आजोबा. त्यांना मी कधी पाहिलेलं नव्हतं, तसं मी तिला म्हटलं.

"तुम्ही नाही पाहिलं. त्यांनी तुम्हाला पाहिलंय. माझा फॉर्म भरायच्या आधी एकटेच जळगावला आले होते, धोतर-टोपी घालून. वर्कशॉपच्या बाहेर उभं राहून लांबून बघितलं आणि पुढच्या एस.टी.ने घरी आले."

 कोणी म्हातारा माणूस येऊन आपल्याला बघून गेला आणि पास करून गेला, याची मला गंधवार्ताही नव्हती. मी काळजीने विचारलं, "मी काय करत होते गं तेव्हा? ओरडत तर नव्हते ना कोणावर?"

"ओरडतच होत्या. चार दांडगी पोरं समोर खाली मान घालून उभी होती. आबा घरी येऊन आईला म्हणाले, 'पाठव पोरीले. हे बाई पुरी पडीन.'"